निगुती आणि प्रीती

मनुष्य फावल्या वेळात काय करतो, यावरून त्याच्या अंतःकरणाची ओळख पटते, असे म्हटल्यास ते फारसे चुकीचे ठरू नये. नोकरीतले काम पोटासाठी, घरातले काम कर्तव्यापोटी. फावल्या वेळातले काम मात्र निव्वळ आवडीपोटी होत असते. कोणी सांगितले म्हणून ते आपण करीत नाही आणि कोणाला त्याचा हिशेबही देत नाही. म्हणूनच छंदाला नीतीच्या तराजूत घालण्याचे कारण नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आम्हीही ती पुष्कळ वर्षे बाळगली. ती कशी ढासळली, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

आमचा छंद मोटारगाड्यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती करण्याचा. नाशकात हा छंद जडावा यात नवल नाही. गोदाकाठच्या या तीर्थक्षेत्राला सातपूर आणि अंबड येथील औद्योगिक वसाहतींनी यंत्रनगरीचे दुसरे रूप दिले. २००० साली आलेली बोलेरो, २००२ सालची स्कॉर्पिओ आणि २०२० साली नव्या रूपात आलेली थार या महिंद्रच्या गाड्या येथेच तयार झाल्या. या वसाहतींत पोटापाण्यासाठी बाहेरगावाहून आलेली आमची ख्रिस्ती कुटुंबेही पुष्कळ आहेत. अशाच एका कारखान्यातून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांनी आम्हाला या छंदाची दीक्षा दिली. जुळणीच्या पट्ट्यावर त्यांचे आयुष्य गेले. पट्टा सरकतो, गाडी समोर येते, ठरलेल्या वेळात ठरलेला भाग बसवायचा. तोवर दुसरी गाडी उभी. त्यांनी स्वतःच्या हाताने पहिली प्रतिकृती पूर्ण केली, त्या संध्याकाळी आम्हाला बोलावले आणि म्हणाले, "सर, लोक म्हणतात मी बत्तीस वर्षं गाड्या केल्या. मी दारं बसवली. गाडी ही पहिलीच."

या वाक्यात एक संपूर्ण सामाजिक तत्त्वज्ञान सामावलेले आहे. संत जॉन पॉल दुसरे यांनी १४ सप्टेंबर १९८१ रोजी प्रसिद्ध केलेल्या 'लाबोरेम एक्झेर्चेन्स' या परिपत्रकात श्रमाच्या दोन बाजू उलगडून दाखवल्या आहेत: श्रमातून बाहेर पडणारी वस्तू ही एक, आणि श्रम करणारा मनुष्य ही दुसरी. श्रमाचे मोल अखेर या दुसऱ्या बाजूने ठरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ज्याच्या वाट्याला दिवसभर वस्तूचा एकच तुकडा येतो, त्याने रात्री दिव्याखाली बसून संपूर्ण वस्तू घडवावी, ही आम्हाला त्या मनुष्याची आपल्या हरवलेल्या कर्तेपणाकडे केलेली परतवाट वाटते. अशा छंदाला पोरखेळ म्हणणाऱ्याने एकदा पट्ट्याशेजारी उभे राहून पाहावे.

या कामाची निगुतीही काही साधी नव्हे. बाजारात मिळणारी ओतीव धातूची गाडी घ्यावयाची, तळाचे रिबेट बारीक ड्रिलने काढून ती सुटी करावयाची, कारखान्याचा जाड रंग उतरवावयाचा आणि मग तिला सुधारावयास बसावयाचे. दारे आणि बॉनेट यांच्या कडेच्या रेघा सुईने खोल करून त्यांत पातळ काळा रंग सोडला, म्हणजे दार उघडेलसे वाटू लागते. विजेच्या तारेतला तांब्याचा केसाएवढा धागा इंजिनातली वायर होतो, रिबिनीची चिंचोळी पट्टी सीटबेल्ट होते. ३९८५ मिलिमीटर लांबीची थार एकास अठरा या प्रमाणात सुमारे बावीस सेंटिमीटरची होते, एकास चौसष्टमध्ये जेमतेम बासष्ट मिलिमीटरची. लांबी अठरा पटींनी घटली की आकारमान ५८३२ पटींनी घटते. डोळ्याला आणि बोटांना नम्र करणारे हे गणित आहे. खऱ्या गाडीवरील रंगाचा थर सुमारे एक दशांश मिलिमीटर असतो. त्याच प्रमाणात तो प्रतिकृतीवर द्यावयाचा तर एका मिलिमीटरचा एकशे ऐंशीवा भाग झाला पाहिजे. असा थर देणारी फवारणी आमच्या टेबलावर तरी नाही. म्हणजे कितीही सुधारणा केली तरी काही ना काही मोठेच राहणार. परिपूर्णतेचा ध्यास घ्यावा आणि ती आपल्या हाती नाही हे प्रत्येक थराला कळावे, ही शिकवण आध्यात्मिक जीवनालाही परकी नाही.

मग येतो तो प्रश्न, जो हा छंद करणाऱ्याला पाहुणे हटकून विचारतात. इंजिनातील नळ्या-तारा बसवून झाल्यावर बॉनेट पुष्कळदा कायमचे चिकटवले जाते. आतले काम पुन्हा कोणाच्याही दृष्टीस पडावयाचे नाही. मग ते केले कोणासाठी? आमच्याकडे याचे उत्तर तयार असे: देव पाहतो. मोठमोठ्या मंदिरांच्या पाठीमागच्या, कोणाला न दिसणाऱ्या बाजूही शिल्पकारांनी तितक्याच आस्थेने कोरल्या, हा दाखला आम्ही वर जोडत असू. थोडक्यात जो विश्वासू तो पुष्कळातही विश्वासू, या अर्थाचे प्रभूचे बोल लूकच्या शुभवर्तमानात आहेतच. उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. देव मिटलेल्या बॉनेटखाली पाहतो, हे खरे. परंतु तो त्या टेबलाभोवतालचे सारे घरही पाहत असतो, एवढे आम्ही विसरलो होतो.

त्याची आठवण नाताळात झाली. दर वर्षीप्रमाणे घरात गव्हाणीचा देखावा मांडला होता. आमचा आठ वर्षांचा नातू सुट्टीत आला होता. आम्ही आतल्या खोलीत असताना काच फुटल्याचा आवाज झाला. धावत आलो तो कपाटाच्या काचेचे तुकडे जमिनीवर आणि त्यांच्या मधोमध नातू, एका हातात आमची थार घेऊन. अकरा महिन्यांचे काम होते ते. आमच्या तोंडून निघालेला पहिला प्रश्न असा होता: "गाडीला काय झालं?" त्याने गाडी मुकाट्याने पुढे केली. डाव्या बाजूचा आरसा तुटला होता. आम्ही गाडी उजेडात धरून आणखी कुठे ओरखडा आला आहे का, ते पाहू लागलो. दुसरा हात त्याने पाठीमागे का धरला आहे, हे त्याच्या आजीने विचारले. बोट कापले होते आणि रक्त फरशीवर ठिबकत होते.

जखम लहान होती. दोन दिवसांत भरली. परंतु ती पहिली नजर आम्हाला आजही छळते. केसाएवढ्या तारेतला दोष हेरणाऱ्या डोळ्यांना मुलाचा पाठीमागे दडवलेला हात दिसला नाही. निगुतीने आमची दृष्टी तीक्ष्ण केली होती; पण ती कोणत्या दिशेला वळावी, हे निगुतीने शिकवले नव्हते. ते शिकवणारी प्रीती निराळी असते. एक असली की दुसरी आपोआप येते, हा आमचा भ्रम होता.

संध्याकाळी आम्ही नातवाला गाडी का काढलीस असे विचारले. तो म्हणाला, "आजोबा, योसेफ-मरियेला इजिप्तला जायचंय ना? गाढवावरून किती वेळ लागेल!"

पुढे काय बोलावे, हे आम्हाला सुचले नाही. आम्ही देखाव्याकडे पाहत राहिलो. त्यात मेंढरू घराएवढे, मेंढपाळापेक्षा तारा मोठा, आणि कागदी डोंगर तिन्ही राजांच्या गुडघ्याला लागणारा. प्रमाणबद्धतेचा तेथे मागमूस नाही आणि आजवर त्याबद्दल कोणी तक्रार केलेली नाही. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली ग्रेच्चो येथे बैल, गाढव आणि गव्हाण मांडून ख्रिस्तजन्म गावकऱ्यांच्या डोळ्यांपुढे उभा केला, तो हेतू मापे अचूक उतरवण्याचा नव्हता. साध्या माणसाला जवळ येता यावे हा होता. या प्रतिकृतीला काचेचे कपाट नाही. उलट बाळ येशूची मूर्ती गव्हाणीत ठेवण्याचा मान आपण घरातल्या सर्वांत लहान हाताला देतो.

लहान मोटारगाड्यांचा उगमही असाच आहे, हे कळले तेव्हा आम्ही आणखी ओशाळलो. इंग्लंडमधील लेस्नी कंपनीचे जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे नेण्याची मुभा होती. म्हणून त्यांनी तिच्यासाठी पितळेचा चिमुकला रोड रोलर केला. त्यातूनच १९५३ साली 'मॅचबॉक्स' गाड्यांची मालिका सुरू झाली. मुलीच्या खिशात राहावी म्हणून जी वस्तू जन्माला आली, तिच्याच वंशजांचे मोल आज वेष्टन न उघडता जपल्याने वाढते. ज्या गाडीशी कोणी कधीच खेळले नाही ती सर्वांत महाग. या व्यवहारात बेकायदेशीर असे काही नाही. पण काहीतरी उलटे झाले आहे, एवढे खास.

आणि जपून तरी किती जपणार? जस्ताच्या मिश्रधातूत ओतताना शिशाचा किंचित अंश राहून गेला, तर तो धातू आतूनच पोखरला जातो. वर्षे लोटतात, गाडी फुगते, तडे जातात आणि बंद कपाटात, कोणाचा हात न लागता, तिचा चुरा होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कितीतरी डिंकी गाड्या अशा नष्ट झाल्या. पृथ्वीवरील धनाला लागणाऱ्या कसरीविषयी आणि जंगाविषयी प्रभूने जो इशारा दिला आहे, तो संग्राहकाने इतक्या शब्दशः घ्यावा लागेल असे आम्हाला वाटले नव्हते.

तर मग छंद सोडावा काय? आम्हाला तसे वाटत नाही. संत थॉमस अक्विनास यांनी खेळाला सद्गुणाच्या कक्षेत स्थान दिले आहे. धनुष्य सतत ताणलेले ठेवले तर मोडते, तसे मनाचेही होते, ही प्रेषित योहानाविषयीची जुनी आख्यायिका ते त्यासाठी सांगतात. खेळकरपणाचा पूर्ण अभाव हाही त्यांनी दोषच मानला आहे. त्यांची अट एवढीच, की खेळाने मनाचा तोल ढळू नये आणि तो मनुष्याला, काळाला व स्थळाला शोभेसा असावा. दोष तारा बसवण्यात नव्हता. पट्ट्यावर हरवलेले कर्तेपण आमच्या शेजाऱ्यांना ज्या टेबलाने परत दिले, त्याच प्रकारच्या टेबलावर आम्ही आमचे आजोबापण काही क्षण हरवून बसलो. वस्तू तीच, श्रम तेच. फरक वस्तूभोवती आखलेल्या कुंपणाचा आहे. म्हणून आपल्या छंदाची परीक्षा घ्यावयाची असेल तर बॉनेटखाली किती तारा आहेत हे मोजू नये. ती वस्तू दुसऱ्याच्या हाती मोडली तर आपली पहिली नजर कुठे जाते, हे पाहावे. ही परीक्षा घर, बाग, हस्ताक्षर, देवळाची सजावट, फार काय भक्ती यांनाही लागू पडते.

आता सुट्टीत नातू टेबलाशी आमच्या शेजारी बसतो. थारचा तुटलेला आरसा त्यानेच चिकटवला. तो वाकडा बसला आहे. त्या कोनातून चालकाला रस्ता न दिसता आभाळ दिसेल. रात्री घर निजले की चिमटा घेऊन तो सरळ करावा, असे आमच्या हाताला अजूनही वाटते. आजवर आम्ही तो केलेला नाही. पुढेही करणार नाही, असे छातीठोकपणे सांगवत नाही. पण प्रत्येक रात्री तो तसाच राहू देणे, हीच सध्या आमच्या छंदातली सर्वांत अवघड सुधारणा आहे.