पोर बसलंय म्होरं

लोणंदहून साताऱ्याला निघालेली एसटी. दुपारची वेळ. खिडकीशी माझी सात वर्षांची भाची, तिच्या शेजारी मी. आमच्या मागच्या बाकावर दोन तरुण बसले होते. त्यातला एक मोबाइलवर मित्राशी बोलत होता. भांडण नव्हतं, रागही नव्हता. बऱ्याच दिवसांनी मित्राचा फोन आल्याचा आनंदच आवाजात होता. पण दर वाक्याला आईवरून शिवी. वाक्य सुरू होताना एक, संपताना एक.

भाची बाहेरचा ऊस बघत होती. मला वाटलं, तिचं लक्ष नाही. थोड्या वेळानं ती माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "आत्या, त्याच्या आईनं काय केलं?"

मला काही सुचेना. "काही नाही गं, तू बाहेर बघ," एवढंच बोलले आणि मीही बाहेर बघू लागले.

पलीकडच्या बाकावर एक वयस्क बाई बसल्या होत्या. डोक्यावर पदर, पायाशी बाजाराची पिशवी. त्यांनी मान मागे वळवली आणि शेजारच्या घरातल्या पोराशी बोलावं तशा सुरात म्हणाल्या, "बाळा, म्होरं बारकं पोर बसलंय रं."

तो पोरगा एकदम थांबला. पुढे वाकून त्यानं भाचीकडे पाहिलं. "सॉरी मावशी," म्हणाला, आणि मित्राला "नंतर लावतो" सांगून त्यानं फोन बंद केला. बाई पुन्हा समोर बघू लागल्या. सारं मिळून अर्धं मिनिटही लागलं नसेल. ते अर्धं मिनिट माझ्या मनातून अजून जात नाही.

मी का बोलले नाही? पहिलं कारण भीती. ती भीती खोटी नाही. २० ऑक्टोबर २०११ च्या रात्री मुंबईत आंबोलीला किनन सॅण्टोस आणि रूबेन फर्नांडिस या दोन तरुणांनी आपल्या मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना अडवलं. थोड्याच वेळात त्यांच्यावर चाकूहल्ला झाला. किनन त्याच दिवशी गेला, रूबेन काही दिवसांनी. २०१६ मध्ये चौघांना जन्मठेप झाली. पण 'आपण कशाला मध्ये पडा' हे वाक्य त्या रात्रीनंतर कितीतरी घरांत जास्त जोरानं बोललं गेलं असेल.

दुसरं कारण, हे शब्द पोरांच्या कानावर आज ना उद्या पडणारच. शाळेच्या व्हॅनमध्ये पडतील, मैदानावर पडतील, मोबाइलवरच्या रीलमध्ये पडतील. खरं आहे. पण भाचीनं मला त्या शब्दाचा अर्थ विचारलाच नव्हता. तिनं विचारलं ते त्या आईबद्दल. शब्द तिला कुठेही मिळेल. हा प्रश्न मात्र तिनं माझ्यापाशी आणला होता.

आणि हा प्रश्न जुना आहे. शिलाहार-यादवांच्या काळातले गधेगाळ नावाचे कोरीव दगड आपल्याकडे आजही अनेक गावांत उभे आहेत. वर चंद्रसूर्य, खाली गाढव आणि बाई. राजानं दिलेलं दान जो मोडील, त्याच्या आईची अशी विटंबना होईल, ही धमकी वाचता न येणाऱ्यालाही कळावी म्हणून ती दगडात कोरलेली. दान मोडणार मुलगा आणि भोगणार त्याची आई. तिनं काय केलं होतं? शेकडो वर्षं ते दगड ऊनपाऊस खात उभे आहेत आणि आपल्या जड शिव्या अजून आईबहिणीवरूनच जातात. सात वर्षांच्या पोरीनं एसटीत विचारलं ते आपण मोठ्यांनी कधीच विचारायला हवं होतं.

शिवीचं आपल्याला वावडं आहे असं मात्र नाही. आमची एसटी ज्या खंडाळा तालुक्यातून निघाली, तिथेच सुखेड आणि बोरी ही दोन गावं आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि वाजंत्रीच्या गजरात, हातवारे करत एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात. हाच बोरीचा बार. शिमग्याची बोंब आपल्याला ठाऊक आहे. मालवणी मुलखात 'मेल्या' ही हाक जिवाभावाच्या माणसालाच मिळते. म्हणजे आपल्या लोकांनी शिवीलाही जागा दिली. पण जागा दिली ती बांध घालून. दिवस ठरलेला, ओढा ठरलेला, समोरची माणसं ओळखीची. बांधाच्या आत राहिलं तर पाणी शेताच्या कामी येतं. बांध फुटला तर तेच पाणी मातीही घेऊन जातं.

त्या तरुणाचा बांध कुठे फुटला, ते मला नंतर उमगलं. मनानं तो गावातल्या कट्ट्यावर मित्राशेजारी बसला होता. शरीर तेवढं एसटीत होतं. कानाशी मित्राचा आवाज, त्यामुळे आजूबाजूची पन्नास माणसं त्याला दिसतच नव्हती. त्या बाईंनी त्याला कट्ट्यावरून उठवून एसटीत आणून बसवलं. पोर दिसल्याबरोबर आवाज बंद करायचं त्याचं त्यालाच कळलं. शिकवावं लागलं नाही, कारण ते त्याला आधीपासूनच येत होतं.

मी बोलले असते तर काय म्हणाले असते? खरं सांगायचं तर माझ्या ओठांवर एकच वाक्य आलं होतं: "आईबापांनी हेच शिकवलं का?" आपल्याकडे टोकायचं म्हटलं की हेच वाक्य निघतं. आता वाटतं, बरं झालं ते बाहेर पडलं नाही. त्याच्या शिवीत जशी कुणाची तरी आई ओढली गेली, तशी माझ्या रागात त्याची आई ओढली गेली असती. तिनं काय केलं होतं?

कायदा या बाबतीत गप्प नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल असे अश्लील शब्द उच्चारले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण प्रत्येक शिवी कायद्याच्या अर्थानं अश्लील ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२४ मध्ये एका वेबमालिकेच्या खटल्यात सांगितलं आहे. आणि एसटीच्या मागच्या बाकावरच्या बोलण्यासाठी कोण कुठे फिर्याद द्यायला जाणार? इथे शेजारी बसलेल्या माणसानंच बोलायला हवं. अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की गावात जो आईबहिणीवरून शिवी देईल त्याला ५०० रुपये दंड. मला त्यातले पाचशे रुपये फार मोठे वाटत नाहीत. सगळ्या गावानं एकत्र बसून हा विषय बोलण्याजोगा मानला, हे मोठं वाटतं. ज्या गावानं मिळून ठरवलं, तिथे एकट्या माणसाला 'बाबा, असं नको' म्हणणं सोपं जातं.

बोलायचं ठरवलं तरी आधी स्वतःला एक गोष्ट विचारावी. आपण टोकतो कुणाला? हमालाला, रिक्षावाल्याला, बांधकामावरच्या मजुराला चटकन टोकतो. आलिशान गाडीची काच खाली करून तीच शिवी हासडणाऱ्या साहेबाला टोकतो का? सोसायटीच्या बैठकीत जीभ सैल सोडणाऱ्या वजनदार सभासदाला? तिथे आपण गप्प राहत असू, तर आपल्याला शिवी खुपत नव्हती, माणूस खुपत होता. पोरं हेही टिपतात.

आणि प्रत्येक वेळी बोलावंच असंही नाही. समोरचा प्यालेला असेल, टोळक्यात असेल, हातघाईवर आलेला असेल, तर पोराला घेऊन बाजूला व्हावं. कंडक्टरला सांगावं, गरज पडली तर ११२ ला फोन करावा. सोबत लेकरू असताना आपलं पहिलं काम त्याला सुखरूप घरी नेणं हेच आहे. त्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो नंतरही गप्प राहण्यात. त्या माणसाशी बोलता आलं नाही तरी पोराशी बोलता येतंच. मी तर दोन्हीकडे गप्प राहिले होते.

म्हणून त्या रात्री अंथरुणावर मी भाचीला तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. "त्याच्या आईनं काही केलं नव्हतं," मी म्हणाले. "मित्राच्या आईनंही नाही. ज्यांनी काही केलेलं नसतं, त्यांना वाईट बोलायचं नसतं. मी तेव्हाच त्याला सांगायला हवं होतं. मला भीती वाटली."

तिनं थोडा वेळ विचार केला. मग म्हणाली, "त्या आजींना नाही वाटली?"

"वाटली असेल कदाचित. तरी बोलल्या."

"तो त्यांच्या ओळखीचा होता?"

"नाही गं."

"मग त्याला बाळा का म्हणाल्या?"

मी तिच्या अंगावर पांघरूण ओढलं. ज्या पोराच्या तोंडात दर वाक्याला कुणाची तरी आई येत होती, त्याला भरल्या एसटीत एका अनोळखी बाईनं आईसारखी हाक मारली होती. तो थांबला, तो त्या हाकेनं.