'सर्वत्र आढळतो' म्हणजे नेमके कुठे?

ओइकोप्लुरा डायोइका हा समुद्राच्या वरच्या थरात राहणारा, जेमतेम एक मिलिमीटर धडाचा आणि त्याच्या कितीतरी पट लांब शेपटीचा पारदर्शक प्राणी आहे. प्राणिप्लवकांच्या हस्तपुस्तिकांत त्याच्या आढळाविषयी बहुधा एकच शब्द असतो : विश्वव्यापी. हा शब्द खोटा नाही, पण खटकतो. गवताबद्दल 'जमिनीवर उगवते' असे लिहिले तर जेवढे कळेल, तेवढेच त्यातून कळते. कोणत्या महिन्यात, किती खोलीवर, किती संख्येने, आणि मुळात हा सगळीकडचा प्राणी एकच आहे का, या साऱ्या प्रश्नांवर तो शब्द पांघरूण घालतो.

ट्युनिकेट म्हणजे कंचुकधारी प्राणी रज्जुमान संघातले, ही शालेय माहिती आहे. पृष्ठवंशी प्राण्यांचे सर्वांत जवळचे नातलग तेच, हे 2006 पासून जनुकीय तुलनेने मान्य झाले आहे. खडकाला चिकटून बसणारे त्यांचे भाऊबंद बालपणीची शेपटी आणि तिच्यातला पृष्ठरज्जू टाकून देतात. तरंगणाऱ्यांत साल्प, पायरोसोम, डोलिओलिड आणि अपेंडिक्युलेरियन असे चार गट येतात. शेपटी जन्मभर राखतात ते फक्त अपेंडिक्युलेरियन, आणि लहान आकाराचा विचार करताना तेच सर्वांत महत्त्वाचे ठरतात.

त्यांचे वैशिष्ट्य घर हे आहे. ओइकोप्लुराच्या धडावरच्या पेशी सेल्युलोज, श्लेष्मा आणि प्रथिने यांचे पातळ आवरण स्रवतात. सेल्युलोज तयार करणारे प्राणी ट्युनिकेटांखेरीज दुसरे नाहीत आणि त्यासाठीचे जनुक त्यांच्या पूर्वजांकडे जिवाणूंकडून आले. अंगाला चिकटलेले हे आवरण प्राणी मान हलवत, शेपटी आपटत सैल करतो, त्यात पाणी भरतो, आणि काही मिनिटांत हरभऱ्याएवढे पारदर्शक घर फुगून उभे राहते. बाजूंच्या दोन खिडक्यांवर जाड जाळी असते. शेपटी नागमोडी हलू लागली की पाणी त्या जाळीतून आत येते, मोठे कण बाहेरच अडतात आणि उरलेले पाणी आतल्या बारीक गाळणीतून जाते. या गाळणीची छिद्रे एका मायक्रोमीटरहूनही लहान असल्याने जिवाणूसुद्धा अडकतात. अडकलेला दाट घास नळीवाटे तोंडाशी येतो. काही तासांत गाळणी तुंबते. मग प्राणी मागच्या दारातून निसटतो आणि अंगावर आधीच तयार असलेले पुढचे आवरण फुगवतो. दिवसाकाठी अशी कित्येक घरे सोडली जातात.

या प्राण्याचे पर्यावरणातले स्थान समजून घ्यायला हे घरच पुरेसे आहे. कोपेपॉड या चिमुकल्या कवचधारी प्लवकांना जे कण फार बारीक पडतात ते याला चालतात आणि त्याला स्वतःला माशांची पिल्ले खातात. उत्तर समुद्रातल्या प्लेस या चपट्या माशाची पिल्ले तर ओइकोप्लुरावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात. जिवाणूपासून माशापर्यंतची इतकी आखूड वाट समुद्रात क्वचित सापडते. बुळबुळीत, पाणचट प्राणी अन्नसाखळीच्या आडगल्लीत राहतात, ही जुनी समजूत निदान या प्राण्याबाबत सोडून द्यायला हवी.

आता आढळाकडे. ओ. डायोइका किनाऱ्यालगत आणि खाड्यांच्या तोंडाशी दाट असतो, कारण कमी क्षारता तो सोसतो. ओ. लाँगिकॉडा उष्ण, खुल्या समुद्रातला. ओ. व्हानहोफेनी आर्क्टिकमधला, ओ. गौसिका अंटार्क्टिकाभोवतालचा. फ्रिटिलेरिया बोरियालिस हे एकच नाव थंड पाण्यातल्या आणि उष्ण पाण्यातल्या वेगळ्या रूपांना दिलेले आहे, म्हणजे एका नावाखाली अनेक असण्याची शंका या गटात नवी नाही.

परंतु अशी यादी म्हणजे आढळ नव्हे. आढळणे आणि फोफावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लहान प्लवकी ट्युनिकेटांच्या बाबतीत हा फरक जितका मोलाचा आहे तितका फार थोड्या प्राण्यांबाबत असेल. ओ. डायोइका कोमट पाण्यात आठवड्याच्या आत अंड्यापासून प्रौढ होतो, एकदाच शेकड्यांनी अंडी सोडतो आणि मरतो. थालिया डेमोक्रॅटिका या छोट्या साल्पाची लांबी अनुकूल पाण्यात तासाला दहा टक्क्यांपर्यंत वाढू शकते, असे ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अभ्यासातून 1972 मध्ये मांडले गेले. डोलिओलिड तर लिंगी आणि अलिंगी पिढ्या आलटून पालटून चालवतात. अंड्यातून आलेला जीव पुढे आतडे गमावून नुसती 'दाई' बनतो आणि मागे कळ्यांची लांब माळ ओढत पोहतो. त्या माळेतली काही पिल्ले दाईला खाऊ घालतात, तर काही सुटून पुढची पिढी घडवतात. अमेरिकेत जॉर्जियाच्या किनाऱ्याजवळ गल्फ प्रवाहाच्या कडेचे थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी तळालगत उथळ भागात शिरते, वनस्पतिप्लवक वाढतात आणि काही दिवसांत डोलिओलेटा गेगेनबौरीचे थवे पाणी व्यापतात. पाणी बदलले की थवा नाहीसा होतो. आठवडाभर आधी तिथून गेलेल्या जहाजाने 'तुरळक' असे लिहिले असते, आठवड्याने आलेल्या जहाजाने 'अतिविपुल', आणि दोन्ही नोंदी खऱ्या ठरल्या असत्या. नकाशावर मात्र दोन्हींसाठी एकच ठिपका पडतो.

याच मुद्द्यावर प्लवकशास्त्राच्या आरंभी एक मोठे भांडण झाले. कील विद्यापीठातला शरीरशास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेन याने 1887 मध्ये 'प्लँक्टन' हा शब्द रूढ केला आणि 1889 च्या उन्हाळ्यात 'नाटसिओनाल' या जहाजावरून अटलांटिकची मोहीम नेली. डोलिओलम नॅशनॅलिस या डोलिओलिडाच्या नावात ते जहाज अजून तरंगते आहे. हेन्सेनचे म्हणणे असे की खुल्या समुद्रात प्लवक बऱ्यापैकी एकसारखे पसरलेले असते, म्हणून काही ठिकाणी जाळे उभे ओढून मोजणी केली की साऱ्या समुद्राची संपत्ती काढता येते. पुढच्याच वर्षी एर्न्स्ट हेकेलने एक पुस्तिका लिहून हे मत झोडपले. प्लवक थव्याथव्याने, पट्ट्यापट्ट्याने असते आणि एकेक जीव मोजत बसणे निरर्थक आहे, असे त्याचे मत. लहान ट्युनिकेटांविषयी आज जे माहीत आहे ते पाहता पारडे हेकेलकडे झुकते. डोलिओलिडांच्या थव्यासमोर एकसारखेपणाचे गृहीतक क्षणभरही टिकत नाही. एक जाळे ओढून महासागराचा हिशेब मांडणे म्हणजे एका गावच्या पावसावरून सह्याद्रीच्या दोन्ही अंगांचे पर्जन्यमान ठरवणे.

इथे एका शब्दाची गोष्ट सांगायला हवी. ओइकोप्लुरा हे नाव 1830 मध्ये मेर्टेन्सने दिले आणि त्यातला 'ओइकोस' म्हणजे ग्रीक भाषेतले घर. याच 'ओइकोस'पासून हेकेलने 1866 मध्ये परिसरविज्ञानाचे युरोपीय नाव घडवले. त्याआधी, 1821 मध्ये, आडेलबर्ट फॉन शामिसो या जर्मन कवी-निसर्गअभ्यासकाने बेरिंगच्या सामुद्रधुनीतून मिळालेल्या, अपेंडिक्युलेरियन गटातल्या पहिल्या प्राण्याचे वर्णन केले होते. साल्पांच्या पिढ्या आलटून पालटून दोन रूपांत येतात हेही त्यानेच 1819 मध्ये दाखवले. अपेंडिक्युलेरियनांची जागा ट्युनिकेटांत आहे हे मात्र टी. एच. हक्सलीच्या 'रॅटलस्नेक' जहाजावरच्या निरीक्षणांतून 1851 मध्ये स्पष्ट झाले. तीस वर्षे हा जीव आपल्या घराण्याचे नाव न कळता ग्रंथांत वावरत होता.

हेन्सेनच्या विरोधातला हा युक्तिवाद मात्र इथेच थांबवता येत नाही, कारण त्याची चूक त्याच्याच शिष्याने, त्याच्याच मोजणीच्या शिस्तीने पकडली. हान्स लोहमानने त्या मोहिमेतल्या अपेंडिक्युलेरियनांवर 1896 मध्ये ग्रंथ लिहिला आणि पुढे जिवंत प्राण्यांची घरे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. त्यांच्या गाळणीत त्याला अत्यंत लहान वनस्पतिप्लवक सापडले. ते हेन्सेनच्या जाळ्यात कधी येतच नव्हते, कारण त्याचे रेशमी कापड मूळचे पिठाच्या गिरणीतल्या चाळणीचे होते. त्यातून बारीक प्लवक सहज निसटत होते. एक मिलिमीटरच्या प्राण्याने विणलेली जाळी माणसाच्या जाळीहून सरस निघाली, आणि समुद्रातल्या उत्पादनाचा मोठा वाटा तोवर मोजणीबाहेर राहिला होता हे उघड झाले. हेकेलच्या तुच्छतेने हा शोध लागला नसता. आकडे जुळत नाहीत हे दिसण्यासाठी आधी आकडे असावे लागतात. थव्यांविषयी हेकेल बरोबर होता, पण पद्धतीविषयी हेन्सेन अधिक बरोबर होता.

असे मान्य केल्यावर 'विश्वव्यापी' या शब्दाकडेही वेगळ्या नजरेने पाहावे लागते. दोष शब्दाचा कमी आणि चाळणीचा जास्त आहे. जाळे जसे बारीक जीव सोडून देते, तसे सूक्ष्मदर्शकाखालचे डोळे बारीक भेद सोडून देतात. अलीकडे ओकिनावा, जपानची मुख्य बेटे आणि युरोपचा किनारा इथल्या ओ. डायोइकाच्या जनुकसंचांची तुलना झाली. दिसायला जवळपास सारखे असलेल्या या प्राण्यांच्या गुणसूत्रांवरचा जनुकांचा क्रम पार विस्कटलेला निघाला, म्हणजे एका नावाखाली निदान तीन वेगळ्या जाती लपल्या आहेत. ओकिनावा आणि मुख्य बेटांवरचे ओसाका एकाच देशात आहेत, तरी तिथले प्राणी एका जातीचे नाहीत. जगाच्या नकाशावर एका रंगाने भरलेला पट्टा आता तुकड्यातुकड्यांत पुन्हा रंगवावा लागेल.

दुसरी उणीव घरांची. जाळ्यात घर फाटते आणि हाती येतो उघडा प्राणी. टाकलेली घरे कोपेपॉडांना खाद्य आणि आसरा देतात हे ॲलिस ऑलड्रेजने 1972 मध्ये, स्वतः पाण्यात बुडी मारून केलेल्या निरीक्षणांवरून मांडले. 2005 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॉंटेरे उपसागरातल्या संशोधकांनी दाखवले की बाथोकोर्डियस या मोठ्या आप्ताची, मीटरभर रुंदीची टाकलेली घरे वेगाने खोल तळाशी जातात आणि कार्बन सोबत नेतात. हा आप्त लहान नाही, पण त्याच्यामुळे एक गोष्ट पक्की होते : प्राणी जिथे सापडतो ती जागा आणि त्याच्या कामाचा परिणाम जिथे होतो ती जागा वेगळी असते. वरच्या थरातल्या प्राण्यांच्या नकाशावर तळाचा हिशेब दिसत नाही.

हिंदी महासागराचा प्राणिप्लवकांचा पहिला मोठा नकाशा 1960 च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून तयार झाला. नमुने कोचीच्या केंद्रात वेगळे केले गेले. त्यासाठी ठरवलेल्या जाळ्याची छिद्रे सुमारे 0.33 मिलिमीटरची होती आणि जाळे 200 मीटरपासून पृष्ठभागापर्यंत उभे ओढले जाई. समुद्रांची आपसात तुलना करायची तर अशी एकच पद्धत हवीच होती, आणि त्या निर्णयाचे मोल आजही आहे. पण कोवळे अपेंडिक्युलेरियन एवढ्या छिद्रांतून निसटतात. त्या नकाशातला 'तुरळक' हा शेरा त्या जाळ्यापुरताच वाचला पाहिजे.

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर मोसमी पावसाच्या आधी आणि नंतर पाणी इतके बदलते की आढळणे आणि फोफावणे यांतला फरक तपासायला याहून चांगली जागा शोधावी लागणार नाही. तिथल्या नमुन्याच्या बरणीवर नुसते 'ओ. डायोइका' लिहून भागणार नाही. तारीख, खोली, तापमान, क्षारता आणि जाळ्याच्या छिद्राचे माप लिहावे, आणि थोडे प्राणी वेगळ्या बाटलीत अल्कोहोलमध्ये ठेवावेत. फॉर्मॅलिनमध्ये राहिलेल्या प्राण्यांतून डीएनए नीट मिळत नाही.