वसुलीचा तास

2024 पासून महाराष्ट्रात बीबीए आणि बीएमएसच्या प्रवेशासाठीही सीईटी द्यावी लागते. ‘धंदा आपलं काम नव्हे’ हे वाक्य ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत होतं, त्याच घरांतली मुलं आता धंदा शिकायला परीक्षा देताहेत. मला याचा मनापासून आनंद आहे. म्हणूनच तीन वर्षांनी त्यांच्या हाती काय पडतं, याची काळजीही वाटते.

धंदा शिकवून येतो का, हा वाद माझ्या मते कधीच निकाली निघाला आहे. 1964 मध्ये डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आंध्रातल्या काकीनाडा शहरातल्या छोट्या व्यावसायिकांना हैदराबादच्या संस्थेत थोड्या दिवसांचं प्रशिक्षण दिलं. जोखीम कशी जोखायची, पेलवेल एवढंच पण अवघड ध्येय कसं ठरवायचं, असं त्याचं स्वरूप होतं. पुढच्या काळात ही मंडळी इतरांपेक्षा जास्त सक्रिय झाली. त्यांनी भांडवल घातलं, माणसं कामाला लावली. मग 1983 मध्ये अहमदाबादेत आणि 1988 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत उद्योजकता शिकवणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या, त्यामागेही हे कौशल्य शिकवता येतं हाच विश्वास होता. मात्र काकीनाड्याची एक बाब विसरली जाते. तिथे शिकायला बसलेल्यांचे गल्ले आधीपासून चालू होते. वर्गात ऐकलेलं घरी परतताच दुकानात लावून बघता येत होतं. कॉलेजातल्या मुलापाशी ते दुकान नसतं.

आपली कॉमर्स कॉलेजं मुळात वेगळ्या कामासाठी निघाली. मुंबईचं सिडनहॅम 1913 चं, पुण्याचं बीएमसीसी 1943 चं. त्यांनी बँका, विमा कंपन्या, ऑडिटची कार्यालयं सांभाळणाऱ्या पिढ्या दिल्या, आणि ते काम चोख केलं. आता त्याच चौकटीत दोन-तीन नवे पेपर घालून आपण वही लिहिणाऱ्याऐवजी वहीचा मालक मागतो आहोत.

त्यासाठी बहुतेक कॉलेजांत वर्षातून एकदा खाऊगल्ली लागते. अशाच एका ठिकाणी मी मिसळीच्या स्टॉलवरची वही मागून घेतली. गटात पाच मुलं. सामान 4,200 रुपयांचं, विक्री 6,900, नफा 2,700. जागेचं भाडं नव्हतं, पटांगण कॉलेजचं. गॅस एकीच्या घरचा. तर्री तिच्या आईने रात्री जागून केलेली, तिची मजुरी शून्य. पाच जणांचे दोन दिवस, तेही शून्य. उधारी तर एका रुपयाची नाही, कारण गिऱ्हाईकं सगळी वर्गातली आणि पैसे जागच्या जागी यूपीआयवर. आम्ही एकत्र बसून प्रत्येकाची रोजी लावली, भाडं धरलं, आणि नफा दिसेनासा झाला. मुलं हिरमुसली नाहीत. एकीने लगेच विचारलं, ‘मग 60 ऐवजी 80 ला प्लेट विकली असती तर?’ दिवसभरातलं खरं शिक्षण त्या प्रश्नात होतं. पण त्याला गुण नव्हते. गुण होते सजावटीला आणि विक्रीच्या आकड्याला.

बाहेर गिऱ्हाईक जागच्या जागी पैसे देत नाही. भोसरी, सातपूर, शिरोली अशा औद्योगिक वसाहतींत सुटे भाग बनवणाऱ्या कुणालाही विचारा, ऑर्डर मिळवण्याइतकीच बिल सुटण्याची विवंचना असते. 2006 च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण ज्याच्या ऑर्डरीवर आपली यंत्रं चालतात, त्याच्याकडे व्याज मागायचं कोणत्या तोंडाने? इकडे पगाराची तारीख थांबत नाही. माल बिलासह रवाना झाला की पैसे येवोत न येवोत, बहुतेकांना जीएसटी भरावाच लागतो. नफ्यातला धंदाही रोकड संपली की बसतो, हे मुलं फायनान्सच्या पेपरात लिहितात. फोन उचलून, समोरच्याचा मान राखून, स्वतःचे पैसे मागायला मात्र त्यांना कुणी शिकवत नाही. आणि मराठी मध्यमवर्गात पैसे मागणं इतकं ओशाळवाणं मानलं जातं, की हा सराव आपल्या मुलांना इतरांहून जास्त हवा.

हा संकोच सोडून माल खपवणारी माणसं आपल्याकडेही होऊन गेली. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. आधी सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. पुढे हे नांगर गावोगाव फिरून विकणाऱ्यांत भाऊराव पाटील होते. त्यांनीच 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र तिच्यात रुजवलं. या दोन गोष्टी एकाच आयुष्यात आल्या, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. शेतकऱ्याच्या ओट्यावर नकार पचवत माल विकलेल्या माणसाला श्रमाचा आणि रुपयाचा संबंध कुणी समजावून सांगावा लागला नसेल. आपण मात्र त्यांचं सूत्र गरीब मुलाची फी भागवण्यापुरतं ठेवलं. तो धंदा शिकण्याचा रस्ता आहे, हे बीबीएच्या अभ्यासक्रमाला सुचलं नाही.

अमेरिकेतल्या बॅबसन कॉलेजात पहिल्याच वर्षी मुलांच्या गटाला कॉलेज कर्ज देतं. त्यातून खरा धंदा चालवायचा, कर्ज फेडायचं, उरलेला नफा समाजकार्याला द्यायचा. आपल्याकडे याला मोठी देणगी लागत नाही. कॉलेजच्या निधीतून गटाला 20,000 रुपये द्यावेत, वर्षभराच्या मुदतीने, लेखी करारावर. विक्री कॉलेजच्या फाटकाबाहेर, आणि निम्मी तरी उधारीवर, म्हणजे वसुलीला जावंच लागेल. स्वतःची मजुरी वहीत धरायचीच. बुडालेली रक्कम निधीने सोसावी, म्हणजे ज्याच्या बापाची ऐपत नाही तोही उतरेल. ज्या गटाचे पैसे बुडाले त्याने मात्र उधारी कुणाला दिली, का दिली आणि वसुलीला किती खेपा घातल्या, हे तारीखवार लिहून वर्गापुढे वाचावं, आणि त्या वाचनाला लेखी पेपराइतके गुण असावेत.