रंग हातानं भरायचा नसतो

ऊठ. इकडे ये आणि या ओळीकडे नीट बघ. सकाळी या कापसाचा ओलावा १३.४ होता, तू चौकोन लाल केलास. शेतकऱ्यानं कापूस उन्हात पसरला, पुन्हा मोजला, ११.२ आला. तू आकडा बदललास आणि रंग तसाच ठेवलास! काट्यावर बसलेला माणूस आकडे वाचत नाही, रंग बघतो. सौंसरकडून भाड्याची गाडी करून आलेल्या माणसाला तो परत पाठवील. ते भाडं कोण भरणार, तू?

८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, ८ ते १२ मध्ये कपात, १२ च्या वर भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, कापूस घेत नाही. दवात वेचलेला कापूस ओला लागतो, हे तुझ्या आईला शाळेत न जाता कळतं. पांढुर्ण्याच्या पोराला हे मी शिकवायचं?

नियम ठाऊक आहे, तर तो एक्सेलला सांग. होम, कंडिशनल फॉरमॅटिंग, न्यू रूल. दुसऱ्या ओळीपासून सगळ्या ओळी निवड आणि, ओलावा D स्तंभात आहे म्हणून, सूत्र लिही: =$D2>12. डॉलर विसरलास तर बाजूच्या चौकोनात एक्सेल ओलाव्याऐवजी वजन तपासेल. लाल नियम वर, ८ च्या वरचा पिवळा त्याखाली, ८ पर्यंतचा हिरवा शेवटी. लाल-पिवळा उलटं केलंस तर १४ सुद्धा पिवळा दिसेल, कारण तोही ८ पेक्षा मोठाच.

आणि हे ‘७.५ टक्के’ चौकोनात अक्षरांसकट कोणी लिहिलं? एक्सेल त्याला मजकूर समजतं, आणि मजकूर त्याच्या लेखी कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा. कोरडा खडखडीत कापूस लाल! त्याहून वाईट, रिकामा चौकोन सूत्रात शून्य धरला जातो. मोजलेलीच नाही ती गाडी हिरवी. रिकाम्यासाठी वेगळा नियम सर्वांत वर ठेव, रंग न देता, आणि ‘स्टॉप इफ ट्रू’वर खूण कर.

२०२३ मध्ये आपला पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला. कचेऱ्यांमधल्या असल्या याद्या उद्या तुमच्याच हाती येतील, म्हणून मी ओरडतोय. तुला येत नाही असं नाही, तू लक्ष देत नाहीस.

जा, हातानं भरलेले सगळे रंग पुस. नियम घाल. मग ७.९, ८, १२, १२.१, एक रिकामा आणि एक अक्षरांत लिहिलेला, असे सहा चौकोन भरून मला दाखव. तोवर घरी जायचं नाही.