चोराच्या मनात प्रायव्हसी

“सर, हा प्रायव्हसीवर घाला आहे!” कोणाच्या? तुझ्या? क्रिप्टो एक्स्चेंजवर खातं उघडताना पॅन दिलास, आधार दिलास, मोबाइलसमोर मान वळवून, डोळे मिचकावून सेल्फी दिलास. अटी-शर्तींचं एक पान तरी वाचलंस? ‘मान्य’ दाबलंस आणि मोकळा झालास. आता आयकर खात्याचा ईमेल आला, ‘क्रिप्टोचं उत्पन्न विवरणपत्रात दिसत नाही, तपासून घ्या’, आणि एका रात्रीत तुला मूलभूत हक्क आठवले?

तू ढ असतास तर मी समजावून सांगितलं असतं. ताळेबंदातली चूक दुरून ओळखणारा पोरगा तू. म्हणून तर डोकं फिरतं.

तुझं विवरणपत्र पाहिलं. क्रिप्टोसाठीचं शेड्यूल व्हीडीए कोरं. खरेदीची तारीख, विक्रीची तारीख, किंमत, काही नाही. आणि त्याच विवरणपत्रात कलम 194एसखाली कापलेल्या 1 टक्का टीडीएसचा परतावा मात्र मागितलास! म्हणजे विक्री झालीच नाही, पण विक्रीवर कापलेला कर तेवढा परत द्या. वा रे पठ्ठ्या! वर मलाच विचारतोस, “सर, त्यांना कळलं कसं?” जुलै 2022पासून हा कर तुझ्या पॅनवर जमा होतोय, 26एएस या करजमेच्या पत्रकात तुलाही दिसतोय, खात्यालाही दिसतोय. यात हेरगिरी कसली?

“पण सर, तोटाच झाला.” एका नाण्यात कमावलंस आणि कुत्र्याचं चित्र असलेल्या दुसऱ्या नाण्यात घालवलंस. कायदा सांगतो, नफ्यावर 30 टक्के, आणि एकातला तोटा दुसऱ्यातून वळता होणार नाही. कडक आहे, मलाही पटत नाही. मग लिहायचं अर्थमंत्र्यांना. लपवायचं कशाला? “पैसे बँकेत आलेच नाहीत.” एक नाणं देऊन दुसरं घेतलंस, तेही हस्तांतरणच. हे तुला ठाऊक होतं. तुझ्या त्या यूट्यूबवरच्या गुरूला नसेल.

“परदेशी एक्स्चेंज होतं.” झालं? संपला भाता? डिसेंबर 2023मध्ये आपल्या सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटने 9 परदेशी एक्स्चेंजना नोटिसा काढल्या. त्यांतल्या बायनान्सने 2024मध्ये इथे नोंदणी केली आणि 18 कोटी 82 लाखांचा दंडही तिला बसला. एवढी मोठी कंपनी गुपचूप रांगेत उभी राहिली, आणि तू तिच्या आडोशाला लपणार?

आता प्रायव्हसीवर बोलू, कारण तो विषय तुझ्या तोंडी शोभत नसला तरी खरा आहे. नोव्हेंबर 2016मध्ये अमेरिकेच्या करखात्याने, म्हणजे आयआरएसने, कॉइनबेस या क्रिप्टो एक्स्चेंजकडे 2013 ते 2015 या वर्षांतल्या सगळ्या अमेरिकी ग्राहकांची माहिती मागितली. सरसकट. का मागितली, वाचलंस? बिटकॉइनचा व्यवहार विवरणपत्रात दाखवणारे वर्षाला जेमतेम 800-900 लोक सापडले होते म्हणून. बाकीचे कोण? तुझ्यासारखे. त्यांनी लपवलं म्हणून सरळमार्गी माणसाच्या घराची झडती घ्यायची वेळ आली. कॉइनबेस कोर्टात भांडली. मागणी घटत घटत वर्षात किमान 20,000 डॉलरचे व्यवहार असलेल्या सुमारे 14,000 खात्यांवर आली. नोव्हेंबर 2017मध्ये कोर्टाने नावं, पत्ते, व्यवहारांच्या नोंदी द्यायला लावल्या, पण ग्राहकांशी झालेला पत्रव्यवहार आणि केवायसी तपासणीचे कागद देण्याची गरज नाही म्हणून सांगितलं. हे कोणी मिळवलं? कोर्टात उघड उभं राहिलेल्यांनी. शेड्यूल कोरं ठेवणाऱ्यांनी नव्हे.

आणि तुझी माहिती फक्त सरकारच पळवतं, हा कोणता भाबडेपणा? मे 2025मध्ये त्याच कॉइनबेसने कबूल केलं की लाच खाल्लेल्या सपोर्ट कर्मचाऱ्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, ओळखपत्रांचे फोटो बाहेर विकले. चोरांनी 2 कोटी डॉलरची खंडणी मागितली. ती बातमी तू ग्रुपवर हसण्याचा इमोजी टाकून पुढे ढकललीस. तेव्हा घाला नव्हता?

भांडायला जागा आहे, भरपूर आहे. 2017मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं, आणि सरकारने किती हात घालावा याला गरजेची व प्रमाणाची कसोटी लावली. आयकर कायदा 2025मध्ये झडतीच्या वेळी पासवर्ड डावलून तुझ्या ईमेलमध्ये, ऑनलाइन गुंतवणूक खात्यांत शिरायची तरतूद आहे. ती या कसोटीला उतरते का? विचार, लिही, आरडाओरडा कर, मी तुझ्या शेजारी उभा राहीन. पण त्या कायद्यातली एक ओळ तरी वाचली आहेस? खिशात न भरलेला कर ठेवून हे भांडण लढता येत नाही. पहिल्याच उलटतपासणीत तोंडावर पडशील.

अद्ययावत विवरणपत्र भरायला 4 वर्षांपर्यंत मुभा आहे. पहिल्या वर्षात 25 टक्के जादा कर, चौथ्यात 70. खात्याची पुनर्निर्धारणाची नोटीस आली की हा रस्ता सरळ राहत नाही. ईमेल आला आहे, नोटीस अजून आलेली नाही. एवढा फरक तुला कळतो ना?

एक्स्चेंजवरून सगळ्या वर्षांची व्यवहारांची फाइल उतरव. सगळ्या वर्षांची, तुला सोयीचं वर्ष काढून आणू नकोस, मला कळतं. 26एएस छापून आण. वॉलेटमधून वॉलेटमध्ये काय हलवलंस ते वेगळ्या कागदावर लिही. सोमवारी सकाळी ये. आणि येताना वकिली सोडून ये, पेन घेऊन ये.