गोंदणाचा क्रूस

ख्रिस्ती माणसाने अंगावर गोंदवून घ्यावे काय? हैदराबादेतील तरुण मनगटावर क्रूस गोंदवितात, तेव्हा वडीलधारे लेवीय 19:28 या वचनावर बोट ठेवतात. तेथील निषेध मृतांसाठी अंगावर वार करून घेण्याच्या चालीला जोडून आला आहे. त्याच अध्यायात दोन प्रकारच्या धाग्यांचे वस्त्रही वर्ज्य मानले आहे. ते पाळणारा ख्रिस्ती आमच्या पाहण्यात नाही! इजिप्तमधील कॉप्ट ख्रिस्ती तर उजव्या मनगटावर पिढ्यान्‌पिढ्या क्रूस गोंदवीत आले आहेत.

आपल्या खेड्यांत मुलींना लहानपणीच गोंदवीत. एकोणिसाव्या शतकात निजामी राज्यात, जालन्याजवळ, रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत स्थापिली. अशा वसाहतींत आलेल्या स्त्रियांच्या हातावरचे तुळशीवृंदावन बाप्तिस्म्याच्या पाण्याने थोडेच पुसले जाणार होते? ते त्यांनी निवडलेलेही नव्हते.

आजचा तरुण निवडतो, म्हणून किंमत पाहावी लागते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. 1956 मध्ये शिखांना व 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती बाहेरच राहिले. त्यामुळे कित्येक कुटुंबांत श्रद्धा एक आणि दाखला दुसरा, हे शासकीय सेवेत वावरलेल्या आम्हांस नवे नाही. अशा घरातील मुलाने क्रूस उघड मिरविला, तर त्यास वचन दाखविण्याचे धाडस आम्ही करणार नाही. निव्वळ हौसेखातर सुई टोचून घेणाऱ्यास मात्र वर्षभर थांबावयास सांगू.