शब्द हे कृत्य आहे

शास्त्रपाठ : मत्तय २१:२८-३१



शब्द म्हणजे मनातल्या चित्राला लावलेली चिठ्ठी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. संत ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’ या ग्रंथात सांगितले आहे की, वडीलधारी माणसे वस्तूकडे वळून तिचे नाव घेत, ते पाहून आपण बोलायला शिकलो. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ या ग्रंथाचा आरंभ लुडविग विट्गेनस्टाइन यांनी याच उताऱ्याने केला आणि ही समजूत अपुरी असल्याचे दाखवले. त्यांचा दाखला बांधकामाचा आहे. गवंडी दगडाचे नाव घेऊन हाक देतो, तेव्हा तो दगडाचे वर्णन करीत नसतो. तो दगड मागत असतो. हाताखालचा गडी दगड आणून देतो, म्हणजे त्याला शब्द कळला. आभार मानणे व प्रार्थना करणे हीदेखील त्यांच्या मते भाषेने करायची कामेच होत.

पवित्र शास्त्राला हे नवे नाही. ‘दाबार’ या इब्री शब्दाचा अर्थ ‘शब्द’ असा होतो, तसाच ‘घडलेली गोष्ट’ असाही होतो. याकोबाने आशीर्वाद कपटाने मिळवला, तरी इसहाकाला तो परत घेता आला नाही (उत्पत्ती २७). बोलणे घडून गेले होते.

प्रभूच्या दाखल्यातील ज्या मुलाने बापाला होकार दिला, त्याला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता काय? चांगला ठाऊक होता. पण द्राक्षमळ्याला त्याचे हात लाभले नाहीत. नकार देऊन मागाहून गेलेल्या भावाने मात्र बापाची इच्छा पूर्ण केली.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी याचा विचार करावा. ‘क्षमा’ या शब्दाची व्याख्या मूल पाठ करील आणि बक्षीसही मिळवील. परंतु शेताच्या बांधावरून अबोला धरलेले दोघे काका एका पंगतीला बसलेले ते पाहील, तेव्हाच तो शब्द त्याचा होईल. अंतःकरणाला किंमत नाही, असे आम्ही म्हणत नाही. देव अंतःकरण पाहतो. मुलाला मात्र आपले वागणेच दिसते.

बालकाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी, त्याला प्रभूच्या मार्गात वाढवण्यास आम्ही साहाय्य करू, असे अनेक मंडळ्या उभ्या राहून कबूल करतात. त्या होकाराचा अर्थ ते मूल पुढे आपल्याच घरांत शोधणार आहे. तो त्याला तेथे सापडावा, म्हणून प्रभू आपणांस साहाय्य करो. आमेन.